गव्हर्नरने सभा मोडली, सभा पलीकडच्या टॅव्हर्नमध्ये भरली

वाचक विचारतात

मागच्या अंकात अमेरिकेत बोस्टनच्या लोकांनी १७७३ साली इंग्रजांच्या कराच्या रागाने समुद्रात फेकलेल्या चहाबद्दल चार ओळी लिहिल्या आणि त्यावर एवढे मेल, एवढे मेसेज आले की ह्या वेळचा अख्खा कॉलम अमेरिकेलाच देऊन टाकलाय. बहुतेकांचं म्हणणं एकच, की चहा समुद्रात फेकला ते माहितीये हो, पण इंग्रजांच्या तेरा वेगवेगळ्या वसाहती एकत्र आल्या कशा आणि स्वातंत्र्यापर्यंत पोचल्या कशा ते सांगा. प्रश्न जागेसाठी कापलेत, रागावू नका.

प्रश्न (मुलुंड, बँकेतून रिटायर्ड): आम्ही शाळेत शिकलो ते चहा, मग लढाई, मग वॉशिंग्टन. ह्या वसाहतींच्या असेंब्ल्या नक्की काय होत्या? इंग्रजांनी दिलेलं खेळणं, की खरंच काही पॉवर होती?

काका, पॉवर होती, आणि ती तिजोरीची होती. व्हर्जिनियात निवडून दिलेली पहिली सभा १६१९ साली जेम्सटाउनला भरली, तेव्हा आपली मुंबई पोर्तुगीजांकडे होती आणि शिवाजी महाराजांचा जन्मही व्हायचा होता. तिथून पुढे जवळजवळ दीडशे वर्षं ही माणसं आपापले टॅक्स आपापल्या सभेत ठरवत आली. बहुतेक ठिकाणी वर राजाने नेमलेला गव्हर्नर (कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंडमध्ये तर तोही निवडूनच यायचा), त्याच्या जोडीला कौन्सिल, आणि खाली निवडून आलेल्यांची सभा. गव्हर्नर बिल अडवू शकायचा, सभा बरखास्त करू शकायचा, सगळं खरं, पण बऱ्याच वसाहतींत त्याचा स्वतःचा पगार मंजूर करायची ती हीच खालची सभा, आणि तोही एका वेळी एकाच वर्षाचा. आता ज्याच्या हातात पगार त्याच्याशी माणूस किती वाकड्यात शिरणार! मॅसॅच्युसेट्सच्या सभेला लंडनहून कितीदा सांगून झालं की गव्हर्नरचा पगार कायमचा बांधून द्या, सभेने कधी दाद दिली नाही.

१७६३ ला फ्रान्सशी चाललेलं सात वर्षांचं युद्ध संपलं, इंग्लंडचं कर्ज जवळपास दुप्पट झालेलं, म्हणून पार्लमेंटने वसाहतींकडून थेट पैसा काढायचं ठरवलं. १७६५ चा स्टॅम्प ॲक्ट आला, वर्तमानपत्र, कोर्टाचे कागद, फार काय पत्त्यांच्या कॅटवरसुद्धा स्टॅम्प. आरडाओरडा झाला तो रकमेपेक्षा हक्कावरून, कारण टॅक्स लावायचं काम आजवर आमच्या सभेचं आणि आता ते समुद्रापलीकडची अशी सभा करतेय जिथे आमचा एकही माणूस नाही. पण माझ्या मते त्याहून मोठी खेळी होती १७६७ च्या टाउनशेंड कायद्यांची. काच, कागद, शिसं, रंग आणि चहा यांवर जकात, आणि त्यातून येणाऱ्या पैशातून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार. म्हणजे सभेच्या हातात जी एकमेव दोरी होती तीच कापायची. पाठ्यपुस्तकात हे अर्ध्या ओळीत उरकतात आणि चहाला मात्र चित्रासकट अख्खं पान, त्याला काय करणार.

प्रश्न (लालबाग): फोन नाही, तार नाही, रस्ते धड नाहीत. एका वसाहतीत झालेला ठराव दुसरीकडे पोचून सगळे एकसुरात बोलायला लागले हे कसं काय जमलं?

पत्रं आणि पेपर. आणि थोडा इंग्रज सरकारचा मूर्खपणा, तो विसरू नका.

मे १७६५ चं उदाहरण घ्या. व्हर्जिनियाच्या सभेचं सेशन संपत आलेलं, ११६ पैकी जेमतेम ३९ मेंबर जागेवर, बाकीचे आपापल्या मळ्यांवर निघून गेलेले. अशा वेळी पॅट्रिक हेन्री नावाचा अगदी नवा, २९ वर्षांचा मेंबर उठला आणि स्टॅम्प ॲक्टविरुद्ध ठराव मांडले. पाच पास झाले, दुसऱ्या दिवशी जुन्या मंडळींनी त्यातला पाचवा काढून टाकला. पण बाहेरच्या वसाहतींतल्या पेपरांनी छापले सहा-सात, म्हणजे जे कधी पास झालेच नव्हते तेसुद्धा, आणि तेच सगळ्यात जहाल होते. लोकांनी वाचलं, म्हणाले व्हर्जिनिया एवढं बोलते तर आपण का मागे राहायचं. त्याच ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये ९ वसाहतींचे २७ प्रतिनिधी जमले आणि गंमत बघा, ज्या व्हर्जिनियाने आग लावली ती तिथे हजरच नव्हती, कारण प्रतिनिधी निवडायला गव्हर्नरने सभाच भरू दिली नाही. पुढच्या मार्चमध्ये पार्लमेंटने स्टॅम्प ॲक्ट मागे घेतला, पण जाता जाता दुसरा कायदा करून ठेवला की वसाहतींसाठी वाट्टेल तो कायदा करायचा हक्क आमचाच.

आता मूर्खपणा. फेब्रुवारी १७६८ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सभेने बाकीच्या सभांना एक परिपत्रक पाठवलं, टाउनशेंड करांविरुद्ध एकत्र अर्ज करूया असं. भाषा एकदम सभ्य, राजाशी निष्ठा वगैरे. बऱ्याच सभांनी ते वाचून बाजूला ठेवलं असतं. पण लंडनमधले मंत्री लॉर्ड हिल्सबरो यांनी हुकूम सोडला की मॅसॅच्युसेट्सने ते पत्र रद्द करावं, आणि बाकी गव्हर्नरांनी आपापल्या सभेला त्यावर चर्चा करू देऊ नये, केली तर सभा बरखास्त. झालं! ज्यांना त्या पत्रात फारसा रस नव्हता त्यांनाही आता आपल्या सभेच्या इभ्रतीचा प्रश्न वाटायला लागला. मॅसॅच्युसेट्सने मतदान घेतलं, रद्द करायला १७ आणि नकाराला ९२. सभा बरखास्त झाली, पण ९२ हा आकडा एवढा गाजला की पॉल रिव्हिअरने त्या ९२ जणांच्या मानार्थ चांदीचं मोठं भांडं घडवलं.

त्यानंतरचं काम कंटाळवाणं आहे आणि खरं तेच महत्त्वाचं. नोव्हेंबर १७७२ मध्ये सॅम्युअल ॲडम्सच्या पुढाकाराने बोस्टनने २१ जणांची पत्रव्यवहार कमिटी नेमली, ती मॅसॅच्युसेट्सच्या गावागावांशी बोलायला लागली. मार्च १७७३ मध्ये व्हर्जिनियाच्या सभेने ११ जणांची तशीच कमिटी केली, दुसऱ्या वसाहतींच्या सभांशी बोलायला, आणि वर्षभरात बहुतेक सगळ्यांनी केली. सभा बरखास्त झाली तरी पत्रं लिहिणारे हात मोकळे राहायचे, गव्हर्नरला ह्याचं काय करायचं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

प्रश्न (दादर, टीवायबीए हिस्टरी): गव्हर्नर हवं तेव्हा सभा बरखास्त करू शकत होता ना? मग ह्या लोकांनी प्रतिकार केलाच कसा? मला प्रोजेक्टसाठी हवंय, प्लीज डिटेलमध्ये सांगा.

अगं, डिटेलमध्येच सांगते, ह्याच प्रश्नाची वाट बघत होते. ह्यात तीन जागा लक्षात ठेव.

एक, विल्यम्सबर्ग. मे १७६९ मध्ये व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने सभा मोडली. मेंबर घरी गेले का? नाही, त्याच रस्त्यावरच्या रॅले टॅव्हर्नमध्ये (म्हणजे खाण्यापिण्याच्या, दारूच्या अड्ड्यावर) गेले, तिथल्या मोठ्या हॉलमध्ये बसले आणि इंग्लंडचा माल न मागवण्याचा करार सही करून टाकला. तो मसुदा मांडणारा मेंबर होता जॉर्ज वॉशिंग्टन. पाच वर्षांनी पुन्हा तेच. चहा बुडवल्याची शिक्षा म्हणून इंग्रजांनी बोस्टनचं बंदर बंद केलं, त्याच्या निषेधाला सभेने उपास आणि प्रार्थनेचा दिवस जाहीर केला, गव्हर्नर डनमोरने २६ मे १७७४ ला सभा मोडली, दुसऱ्याच दिवशी ८९ मेंबर त्याच टॅव्हर्नमध्ये, आणि ह्या वेळी त्यांनी सगळ्या वसाहतींची मिळून एक काँग्रेस, म्हणजे प्रतिनिधींची परिषद, दरवर्षी भरवावी असं सुचवलं.

दोन, सेलम. बोस्टनला शिक्षा म्हणून मॅसॅच्युसेट्सची सभा तिथून हलवून सेलमला नेलेली. १७ जून १७७४ ला सभेने आतून दार लावून घेतलं आणि फिलाडेल्फियाच्या काँग्रेससाठी पाच प्रतिनिधी निवडायला घेतले. गव्हर्नर गेजला कुणकुण लागली, त्याने आपल्या सेक्रेटरीला बरखास्तीचा हुकूम देऊन पिटाळलं. दार बंद! बिचाऱ्याने तो हुकूम बाहेर जिन्यात उभं राहून वाचला, आणि आत निवड उरकून झाली.

तीन, पुन्हा सेलम, तोच ऑक्टोबर, आणि हा भाग प्रोजेक्टमध्ये नक्की घाल. गेजने नवीन सभा बोलावली होती, मग घाबरून रद्द केली. तरी ९० मेंबर ठरल्या दिवशी आलेच, गव्हर्नरची वाट बघितली, तो येत नाही म्हटल्यावर स्वतःलाच प्रांतिक काँग्रेस म्हणून जाहीर केलं, जॉन हॅनकॉकला अध्यक्ष केलं आणि पुढे काँकॉर्डला बैठक हलवली. मग त्यांनी जे केलं ते तलवारीपेक्षा भारी होतं, गावोगावच्या टॅक्स गोळा करणाऱ्यांना सांगितलं की पैसा सरकारी खजिनदाराकडे भरू नका, आम्ही नेमलेल्या हेन्री गार्डनरकडे भरा. आपल्या सोसायटीत सगळ्या सभासदांनी मेंटेनन्स एकदम दुसऱ्याच खात्यात भरायला सुरुवात केली तर ऑफिसात बसलेल्या सेक्रेटरीच्या खुर्चीची काय किंमत राहील, तसं. ह्याच प्रांतिक काँग्रेसने दारूगोळा जमवला, मिनिटात तयार होणाऱ्या तुकड्या उभ्या करायला सांगितलं, आणि १९ एप्रिल १७७५ ला इंग्रज सैन्य काँकॉर्डला निघालं ते तोच साठा पकडायला. म्हणजे पहिली गोळी सुटायच्या सहा महिने आधीच बोस्टनबाहेर राज्य कुणाचं हा प्रश्न निकालात निघाल्यासारखा होता.

मधल्या काळात, सप्टेंबर-ऑक्टोबर १७७४, फिलाडेल्फियात पहिली काँटिनेंटल काँग्रेस झाली, १२ वसाहतींचे ५६ प्रतिनिधी, जॉर्जिया गैरहजर. काहींना त्यांच्या सभेने निवडलेलं, बऱ्याच जणांना अशा टॅव्हर्न-छाप बैठकांनी, कारण सभाच बरखास्त होत्या. १ डिसेंबरपासून इंग्लंडचा माल बंद हा ठराव तर झालाच, पण त्यातलं कलम ११ वाच. प्रत्येक काउंटी, शहर आणि गावात कमिटी निवडायची, तिने बंदी कोण मोडतंय त्याच्यावर लक्ष ठेवायचं आणि नाव पेपरात छापायचं. दुकानदाराला गव्हर्नरपेक्षा ह्या कमिटीची जास्त भीती वाटायला लागली. जोरजबरदस्ती झाली का? झाली, भरपूर झाली, ते झाकायचं काही कारण नाही.

प्रश्न (गोरेगाव): तो चहा आपल्या आसामचा होता ना?

नाही हो. ईस्ट इंडिया कंपनीचा होता म्हणून आपल्याला तसं वाटतं, पण ३४२ पेट्यांतला सगळा माल चीनचा. आसामचा चहा विकायला लंडनला गेला तो १८३० च्या दशकात.

प्रश्न (भायखळा): राणीच्या बागेशेजारच्या म्युझियमच्या आवारात लॉर्ड कॉर्नवॉलिसचा पुतळा आहे. हा तोच का, अमेरिकेत हरलेला?

तोच. पूर्वी तो फोर्टात, आताच्या हॉर्निमन सर्कलला होता. १९ ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाउनला त्याचं सैन्य शरण गेलं आणि १७८६ मध्ये साहेब गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात हजर. प्रमोशन म्हणायचं की काय ते तुम्हीच ठरवा. आणखी एक, १७६६ साली वाट्टेल तो कायदा करायचा हक्क सांगणारं जे बिल वर आलंय ना, त्याच्या विरोधात लॉर्डांच्या सभागृहात फक्त पाच जणांनी मत दिलं, त्यातला एक हा कॉर्नवॉलिस.

प्रश्न (विक्रोळी, शिक्षिका): ह्या सभांमध्ये बायका नाहीत, गुलाम नाहीत, मूळ रहिवासी नाहीत. मग हा कसला लोकांचा लढा?

ताई, तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. मत होतं ते बहुतांशी मालमत्ता असलेल्या गोऱ्या पुरुषांना, आणि व्हर्जिनियाच्या सभेत स्वातंत्र्यावर भाषणं ठोकणारे बरेचसे गुलामांचे मालक होते, हेन्री आणि वॉशिंग्टन दोघंही. नोव्हेंबर १७७५ मध्ये डनमोरने जाहीरनामा काढला, की बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या बाजूने लढायला येतील ते मोकळे. त्याला काही दया आली नव्हती, सैन्य हवं होतं, पण शेकडो माणसं जिवावर उदार होऊन पळून त्याच्याकडे गेली आणि घाबरलेले मळेवाले आणखी घट्ट बंडाच्या बाजूला गेले.

बायकांचं मात्र एक सांगायलाच हवं, बहिष्कार चालवायचा म्हणजे स्वयंपाकघर आणि चरखा, तो त्यांच्याशिवाय एक आठवडा टिकला नसता. नॉर्थ कॅरोलिनात ऑगस्ट १७७४ मध्ये गव्हर्नरला न जुमानता प्रांतिक काँग्रेस भरली, तिने माल बंदीचा ठराव केला, आणि ऑक्टोबरात एडंटन गावच्या ५१ बायकांनी आम्ही तो पाळणार म्हणून आपापल्या नावाने सही करून ते पत्र लंडनच्या पेपरात छापून आणलं. लंडनने त्यांची टिंगल करणारं व्यंगचित्र काढलं, अर्थात.

प्रश्न (बोरिवली): सगळ्या असेंब्ल्यांना स्वातंत्र्य हवंच होतं का? आणि तारीख २ जुलै की ४ जुलै?

हवंच होतं असं अजिबात नाही. लढाई सुरू होऊन अडीच महिने झाले तरी, जुलै १७७५ मध्ये काँग्रेस राजाला समेटाचा अर्ज पाठवत होती. राजाने ऑगस्टमध्ये त्यांना बंडखोर जाहीर केलं आणि दार आपटलं, त्यानंतर वारं फिरलं. आता काँग्रेसमधले प्रतिनिधी मनाला येईल तसं मत देऊ शकत नव्हते, त्यांना आपापल्या वसाहतीच्या सूचना असायच्या, म्हणून खरी लढाई त्या सूचना बदलून घेण्याची होती. १२ एप्रिल १७७६ ला नॉर्थ कॅरोलिनाने आपल्या प्रतिनिधींना बाकीच्यांबरोबर स्वातंत्र्याला हो म्हणायची मोकळीक दिली. ४ मेला ऱ्होड आयलंडच्या सभेने राजनिष्ठेची शपथच रद्द केली. १५ मेला व्हर्जिनियाने एक पाऊल पुढे, नुसतं हो म्हणू नका, प्रस्ताव तुम्हीच मांडा. न्यू जर्सीने तर जूनमध्ये आपल्या गव्हर्नरलाच अटक केली, आणि तो कोण, तर बेंजामिन फ्रँकलिनचा मुलगा.

अडून बसली ती पेनसिल्व्हेनियाची सभा. काँग्रेस ज्या इमारतीत भरत होती त्याच इमारतीत ही सभा, आणि नोव्हेंबर १७७५ पासून तिची सूचना अशी की वेगळं होण्याच्या कुठल्याही प्रस्तावाला विरोध करा. मग १५ मेला काँग्रेसने मॅसॅच्युसेट्सचा प्रतिनिधी जॉन ॲडम्सच्या शब्दांत जाहीर केलं की राजाच्या नावाने चालणारी सगळी सत्ता बंद व्हायला पाहिजे, पाच दिवसांनी त्याच इमारतीच्या अंगणात भर पावसात हजारो लोकांची सभा झाली, आणि पेनसिल्व्हेनियाच्या सभेने जूनमध्ये सूचना सैल केली, पुढे कोरम जमेना म्हणून ती जवळजवळ विरूनच गेली. म्हणजे गव्हर्नरला मोडता न आलेल्या सभा एकीकडे, आणि ही एक सभा स्वातंत्र्यवाल्यांनीच मोडली. मला हा भाग सगळ्यात जास्त इंटरेस्टिंग वाटतो आणि थोडा अस्वस्थही करतो.

१ जुलैच्या चाचणी मतदानात ९ वसाहती बाजूने, पेनसिल्व्हेनिया आणि साउथ कॅरोलिना विरोधात, डेलावेअरचे दोन प्रतिनिधी दोन दिशांना, न्यूयॉर्क गप्प. रात्रीत सीझर रॉडनी नावाचा डेलावेअरचा आजारी प्रतिनिधी वादळ-पावसात घोडा दामटत आला, पेनसिल्व्हेनियाचे दोघं विरोधक बाजूला बसले, साउथ कॅरोलिनाही वळली आणि २ जुलैला १२ विरुद्ध शून्य. ४ ला मंजूर झाला तो जाहीरनाम्याचा मजकूर. न्यूयॉर्कचा होकार ९ ला आला. जॉन ॲडम्सने बायकोला लिहिलं होतं की पुढच्या पिढ्या २ जुलैचा सण साजरा करतील, तेवढं सोडून बाकी दिवे, तोफा, मिरवणुका सगळं त्याचं खरं ठरलं.

प्रश्न (गिरगाव): मुंबईतही कौन्सिल होतं, नाना शंकरशेठ त्यात होते. मग आपल्या लोकांनी असं का नाही केलं?

कारण आपल्या कौन्सिलच्या हातात तिजोरी नव्हती. १८६१ च्या कायद्याने मुंबईचं कौन्सिल झालं, १८६२ मध्ये नाना त्यात आले पण नेमणुकीने, निवडून नाही, आणि सरकार आणेल त्या बिलावर बोलणं एवढंच काम. १८९२ नंतर बजेटवर बोलता यायला लागलं, मत द्यायची सोय नाहीच. १९०१ ला शेतसाऱ्याच्या बिलावर फिरोजशहा मेहता, गोखले आणि आणखी काही मेंबर सभात्याग करून बाहेर पडले, केवढी खळबळ झाली, आणि आत बिल पास झालं. १९१९ ला रौलट कायद्याला दिल्लीच्या कौन्सिलातल्या निवडून आलेल्या हिंदी मेंबरांनी विरोध केला, तरी झाला. १९२३ मध्ये दिल्लीच्या असेंब्लीने मिठावरचा कर दुप्पट करायला नकार दिला, व्हाइसरॉय रीडिंग यांनी स्वतःच्या अधिकारात तो लागू केला. व्हर्जिनिया किंवा मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरने हे वाचलं असतं तर हेव्याने जळून गेला असता.

म्हणून आपल्याकडे उलटं झालं असं मला वाटतं. तिथे सभेतूनच बाहेरची काँग्रेस निघाली, इथे काँग्रेस आधी बाहेर उभी करावी लागली. २८ डिसेंबर १८८५ ला गवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात जे ७२ जण बसले त्यांना कुठल्याही मतदाराने निवडलेलं नव्हतं, पण तीच मंडळी पुढे वर्षानुवर्षं अधिवेशन भरवत, गावोगावी कमिट्या करत राहिली. खरी निवडून आलेली सत्ता मिळाली १९३७ मध्ये, बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं, आणि १९३९ मध्ये आम्हाला न विचारता हिंदुस्थानला युद्धात ओढलं म्हणून त्यांनी राजीनामे दिले, गव्हर्नरने कारभार हातात घेतला. कौन्सिल हॉल बंद झाला तर जायचं कुठे हा प्रश्न तोवर उरलाच नव्हता, ८ ऑगस्ट १९४२ ला पुन्हा गवालिया टँकच, फक्त ह्या वेळी मैदानात.